वाचायचा राहिलेला दोर

मी एक जुना दोर आहे. म्हणजे आता माझा हातभर तुकडाच उरला आहे, पण जीभ पूर्वीइतकीच लांब आहे. मला कधी कोणी विहिरीच्या रहाटाला बांधलं नाही, की माझ्यावर कपडे वाळत घातले नाहीत. मी माणूस धरणारा दोर. डोंगरात कड्यावर कोणी अडकलं की त्याला आणायला दुसरं माणूस खाली उतरतं, आणि त्या दुसऱ्या माणसाच्या कमरेला मी असतो. त्याच्या पोटातली धडधड माझ्या अंगातून जाते. मित्रांनो, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही असं तुम्ही आम्हा दोरांबद्दल म्हणता. खरं आहे ते. माझाही पीळ गेलेला नाही. म्हणून मी जरा रागानेच बोलणार आहे, तेवढं ऐकून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. आत पांढऱ्या धाग्यांचा गाभा आणि वरून लाल-काळ्या वेणीचं कवच. तिथल्या तपासणाऱ्या बाईने मला वजनं टांगून टांगून ओढलं. अगदी जीव नकोसा केला. शेवटी माझ्यावर एक थाप मारली आणि म्हणाली, "जा, आता माणसं सांभाळ." तेव्हा मला वाटलं होतं, माणसं सांभाळणं म्हणजे काय मोठंसं!

डोंगराच्या पायथ्याच्या एका लहान शहरात मी आलो. तिथे वायरमनच्या दुकानामागे एक खोली होती. पुढे जळक्या तारांचा वास, मागे आम्ही: दोर, कड्या, शिट्ट्या, एक घडीचं स्ट्रेचर. तुकडी पाच-सहा जणांची. कोणालाच पगार नाही. पुढारीपण वायरमनच्या बायकोकडे होतं. ती दवाखान्यात नर्स, म्हणून सगळे तिला सिस्टर म्हणत. घरी ती नवऱ्याला 'अहो' म्हणायची. डोंगरावर मात्र 'वायरमन' अशी कडक हाक. तो बिचारा दोन्हीकडे 'अगं'च म्हणायचा. तिसरा बेकरीवाला. त्याच्या कपड्यांना कायम पिठाचा वास आणि खिशात कायम पाव. चौथा पोस्टमन, चालायला वाघ. बाकीचे वेळ मिळेल तसे येत.

या लोकांची एक रीत होती. तिला ते 'दोर वाचणं' म्हणत. जो माणूस खाली उतरणार, त्यानेच उतरण्याआधी डोळे मिटायचे आणि अख्खा दोर उघड्या बोटांमधून सरकवायचा, टोकापासून टोकापर्यंत. कुठे चपटा लागतो का, कुठे कडक, कुठे पोकळ, ते बोटांना कळतं. डोळ्यांना कळत नाही. घाई असो, पाऊस असो, वाचल्याशिवाय उतरायचं नाही. वायरमनची बोटं यात फार तरबेज होती. त्याच्या बोटांतून जाताना मला आईने केस विंचरावेत तसं वाटायचं.

सुरुवातीची वर्षं मानाची गेली. एकदा जंगलातला मोजणीदार दरड सुटून घळीत पडला. त्याचं काही चुकलं नव्हतं बरं का. कुठे जातो ते सांगून गेला होता, गरम कपडे होते, शिट्टी होती. ती वाजवत राहिला म्हणून तर आम्हाला सापडला. तयारी केली म्हणून डोंगर दया करतो असं नाही. पण तयारीने गेलेला माणूस शोधणाऱ्यांचं काम हलकं करून ठेवतो. त्या दिवशी मोजणीदाराच्या आईने मला हातात घेऊन कपाळाला लावलं. मी फुशारून गेलो.

मग कोणीतरी त्या डोंगराच्या माथ्यावरून खालच्या ढगांचे फोटो काढले आणि ते जिकडेतिकडे झाले. दुरून डोंगर साजरे, ही म्हण काय उगीच पडली आहे? पण फोटो बघून माणसं यायला लागली. चपला घालून यायची, लग्नाचे बूट घालून यायची, पाण्याऐवजी थंड पेयाची एक बाटली घेऊन यायची. पूर्वी कधीमधी येणारा फोन आता सुटीच्या दिवशी ठरलेला. सिस्टर रात्रपाळी करून तशीच निघायची. बेकरीवाल्याचं मळलेलं पीठ फुगून वाया जायचं. कोणी तक्रार केली नाही, पण माणसंच ती, थकली. परत आल्यावर मला धुऊन, सुकवून खुंटीला टांगायचं, ते राहायला लागलं. "उद्या बघू" म्हणून मला पिशवीसकट फळीखाली ढकलायचे. पिशवीचं तोंडही धड बांधायचे नाहीत.

त्या फळीवर वायरमनने एक जुनी बॅटरी ठेवली होती. तिला तडा गेला होता. त्यातून अॅसिडचे थेंब हळूहळू गळायचे, पिशवीच्या उघड्या तोंडातून आत ओघळायचे आणि तळाशी माझ्यावर साचायचे. अंगाची आग आग व्हायची. वरची वेणी लाल-काळी, झकास दिसत राहिली. आतले धागे मात्र एका जागी मरायला लागले. मित्रांनो, दोराला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

आणि मग तो सुटीचा दिवस आला.

सकाळीच पलीकडच्या दरीत कॉलेजची मुलं वाट चुकली. पोस्टमन आणि बाकीचे लोक तिकडे धावले. आमचा दुसरा, नवा दोर तेच घेऊन गेले. दुपारी पुन्हा फोन. या खेपेला इकडच्या कड्यावरून. बोलणारा माणूस नुसता हुंदके देत होता. सिस्टर, वायरमन आणि बेकरीवाला एवढेच उरले होते. वायरमनने फळीखालची पिशवी ओढली आणि पाठीवर टाकली.

वर पोचलो तर दाट धुकं, वारा, आणि कड्याच्या काठावर एक तरुण थरथरत बसलेला. तो शाळेत चित्रकला शिकवायचा. खाली कपारीत अडकलेले गृहस्थ त्याचे सासरे. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. लग्नानंतर जावई पहिल्यांदाच सासुरवाडीला राहायला आला होता. सकाळी चहा पिताना सासरे म्हणाले, "तरुणपणी हा डोंगर मी पळत चढायचो." जावई म्हणाला, "मग जाऊ या की!" झालं. दोघे उठले. पायात रोजचे बूट, हातात एक छत्री. घरात सांगितलं काय, तर "जेवायला येतोच." अर्ध्या वाटेवर मोठी पाटी होती, की दुपारी धुकं उतरतं, इथून पुढे जाऊ नये. दोघांनी ती मोठ्याने वाचली होती म्हणे. तरी पुढे गेले. ओल्या गवतावर सासऱ्यांचा पाय घसरला.

"कोणी आलं का हो?" खालून आवाज आला. म्हातारा, कापरा. "पाय हलत नाही माझा. फार गार आहे इथं."

सिस्टरने ओरडून धीर दिला. झाडाच्या बुंध्याला दोर अडवत अडवत सोडणारा लोखंडी ब्रेक बांधला. माझं एक टोक वायरमनच्या कमरपट्ट्याला अडकलं. तो मांडी घालून बसला, डोळे मिटले, आणि मला वाचायला लागला. मला हायसं वाटलं. त्याची बोटं माझ्या मेलेल्या जागेवर येणार आणि तो थांबणार, याची मला खात्री होती. हात, दोन हात, आणखी पुढे. ती जागा पिशवीच्या तळाशी होती. थोडंच राहिलं होतं.

तेवढ्यात जावई ओरडला, "अहो, डोळे मिटून काय बसलात? तिकडे माणूस मरतोय! तुम्ही करताय काय?"

वायरमनची बोटं थांबली. त्याने बायकोकडे पाहिलं. खालून पुन्हा "अहो..." अशी हाक आली, आधीपेक्षा बारीक. सिस्टरने काठाकडे पाहिलं. रात्रपाळीने तिचे डोळे लाल झाले होते.

"राहू दे," ती म्हणाली. "उतर."

असं तिने यापूर्वी कधीच म्हटलं नव्हतं.

वायरमन काठावरून मागे झुकला आणि धुक्यात दिसेनासा झाला. त्याचं सगळं वजन माझ्यावर आलं. सिस्टर मला हाताने सोडत होती आणि ब्रेकमधून मी सरकत होतो. पिशवीतलं एकेक वेटोळं उलगडत होतं. आधी सुटलेला भाग चांगला होता, तो माणूस पेलत होता. पण ती जागा ब्रेकच्या पलीकडे गेली की तिच्यावरही वजन येणार. मग काय होणार ते मला ठाऊक होतं आणि कोणालाच ठाऊक नव्हतं. बेकरीवाला काठावर पालथा पडून "अजून सोड, अजून सोड" म्हणत होता. मी मनातल्या मनात "नको, नको" म्हणत होतो. अरे, कोणीतरी थांबा! कोणाला तरी काहीतरी कळू दे!

सिस्टरचा हातमोजा भिजून गच्च झाला होता. दोर हातातून निसटायला लागला, तशी तिने तो मोजा दाताने ओढून काढला. उघड्या तळव्यातून मी पुढे सरकलो. आणि ती जागा तिच्या बोटांत आली.

"अहो, थांबा!"

डोंगरावर तिने त्याला 'अहो' म्हटलं. बेकरीवाल्याने चमकून मागे पाहिलं. तिने दोर ब्रेकला आवळून बांधला होता आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं?" खालून वायरमन ओरडला. "मला दिसतायत ते. दोन पुरुष उंची राहिलीय फक्त. सोड!"

"दोर मेलाय इथं. वर घेतेय तुम्हाला."

मग म्हातारा रडायला लागला. "अहो, आलात ना एवढे? या की. एवढ्यासाठी जाऊ नका हो."

जावयाने सिस्टरचे पाय धरले. "एवढंच तर राहिलंय! जरा सोडा ना. तुटणार नाही तो. सोडा ना हो!"

"तुटला तर दोघे जातील," ती म्हणाली.

लोंबकळत्या वायरमनने मग जे केलं ते मला त्याच्या कमरेवरून कळलं. त्याने अंगातला जाड कोट काढला. कानटोपी काढली, हातमोजे काढले, सगळ्याचं गाठोडं केलं. "काका, रडू नका. वर बघा. हे टाकतोय ते पकडा. सुटलं तर दुसरं नाही." त्याने हात लांब करून नेम धरला आणि गाठोडं सोडलं. ते कपारीच्या कडेला आपटलं, घरंगळलं, आणि म्हाताऱ्याने ते बाहीला धरून कसंबसं आत ओढलं. "घाला सगळं. पाय पोटाशी घ्या. झोपायचं नाही. आम्ही वरून बोलत राहतो. दुसरा दोर आला की मी परत येतो."

"नक्की याल?"

"येतो म्हटलं ना काका."

त्याला वर ओढायला दोघांचं बळ पुरेना. जावयालाही हात लावावा लागला. ज्या दोराने सासऱ्यांना आणायचं, तोच तो त्यांच्याविना वर ओढत होता. रडत होता आणि ओढत होता.

वर आल्यावर सिस्टरने मला त्या जागी नुसतं वाकवलं. वेणी फाटली आणि आतून भुसा पडावा तसा पांढरा भुगा पडला. जावई त्या भुग्याकडे बघतच राहिला. वायरमनने मला नाकाशी नेलं.

"बॅटरी. माझीच." तो म्हणाला.

"आणि 'राहू दे' मी म्हणाले," सिस्टर म्हणाली.

तहान लागल्यावर विहीर खणणारा काठावर एकटा जावईच नव्हता मित्रांनो, माझी माणसंही त्या दिवशी तशीच झाली होती.

पोस्टमनला फोन लागला. मुलं सापडली होती, तो नवा दोर घेऊन डोंगर ओलांडून निघाला. पण वेळ लागणार होता. बेकरीवाल्याने डोक्यावर पांघरलेलं पिठाचं रिकामं पोतं वायरमनच्या पाठीवर घातलं. म्हाताऱ्याला झोप लागू द्यायची नाही म्हणून सगळे आळीपाळीने बोलत होते. बोलायचं संपलं तेव्हा सिस्टरने जावयाला पुढे केलं. तो काठावर पालथा पडला.

"बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय, जावईबापू."

"बाबा, मला त्या पाटीपाशीच परत फिरायचं होतं."

खालून आवाज आला, "मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"अहो, माझे गुडघे तर त्याच्या आधीच बोलायला लागले होते! मी तुमच्याच तोंडाकडे बघत होतो. तुम्ही दमलो म्हणाल आणि मी सुटेन. पण तुम्ही आपले चालतच राहिलात."

बेकरीवाल्याला हसू फुटलं आणि लगेच त्याने तोंड दाबलं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे ती दोन भल्या माणसांना हाताला धरून कड्यापर्यंत घेऊन आली होती.

त्यानंतर म्हाताऱ्याचा आवाज तुटक होत गेला. पोस्टमन धापा टाकत पोचला तेव्हा तो अजिबात येत नव्हता. "बाबा! बाबा!" जावई ओरडत राहिला. खालून फक्त वारा.

पोस्टमनच्या पायांत उभं राहायचंही त्राण नव्हतं. खालची वाट एकट्या वायरमनने पाहिली होती. "मी सांगितलंय येतो म्हणून," तो म्हणाला. सिस्टरने आपला कोट त्याच्या अंगात घातला. नवा दोर त्याच्या पुढ्यात ठेवला.

"वाच," ती म्हणाली.

हाक बंद झालेली होती, मित्रांनो. एकेक क्षण मोलाचा होता. तरी ती म्हणाली, वाच. वायरमनने दोर बोटांत धरला आणि मान हलवली. थंडीने बोटं पार बधिर झाली होती, त्यांना काही कळेना. मग त्याने डोळे मिटले आणि दोर ओठांवरून सरकवायला सुरुवात केली. हळूहळू, एकही वीत न सोडता. ओठ सोलवटून निघाले. मी जावयाकडे बघत होतो. त्याने स्वतःचं मनगट दातांत धरलं होतं. पण या खेपेला तो हूं की चूं करेना.

टोक आलं. "चांगलाय," वायरमन म्हणाला आणि उतरला.

मी झाडाखाली पडून होतो. दोर सरकत होता, सरकत होता, मग थांबला. काही ऐकू येईना. सिस्टर पुटपुटत होती, काय ते मला कळलं नाही. आणि मग खालून वायरमनचा फाटका आवाज आला, "आहेत! डोळे उघडतायत! ओढा!" जावई उठला आणि दोराला भिडला.

कोटात गुरफटलेले सासरे वर आले. पाय मोडला होता, पुढे तो बरा झाला.

मला दुसऱ्याच दिवशी कापलं. सिस्टरने स्वतः. एकदा मेलेला दोर चुकून पुन्हा कोणाच्या कमरेला जाऊ नये, म्हणून. कापताना ती रडली. गाठी शिकवायला माझा हातभर चांगला तुकडा तेवढा ठेवला. फळीवरची बॅटरी गेली आणि खुंट्या पुन्हा भरल्या. मला वाईट वाटलं नाही. माणसासकट तुटण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

काही दिवसांनी सासरे-जावई खोलीवर आले. सासरे कुबडीवर. दोघेही आभार मानून मानून अवघडले होते. जावई म्हणाला की ते दोघे आता सुटीच्या दिवशी त्या पाटीपाशी उभे राहतात आणि चपलांवर आलेल्यांना परत पाठवतात. "शिव्या खातो," तो म्हणाला, "पण आता भीड वाटत नाही."

वायरमन कोपऱ्यात तारा सोलत होता. पकड त्याच्या हातातून पुन्हा पुन्हा पडत होती. सासऱ्यांनी ते पाहिलं.

"हाताला काय झालं?"

"काही नाही काका. गारठ्याने बोटांची टोकं जरा झोपलीयत. डॉक्टर म्हणतात, बहुतेक अशीच राहतील. आता सिस्टर उतरते, दोरही तीच वाचते."

सासरे कुबडी टेकत त्याच्याजवळ गेले. केसाएवढे स्क्रू नुसत्या बोटाने ओळखणारा माणूस तो. त्यांनी वायरमनचा हात आपल्या हातात घेतला आणि अंगठ्याच्या नखाने त्याच्या बोटाचं टोक दाबलं.

"इथं कळतं?"

"नाही."

त्यांनी पुढचं बोट दाबलं. "इथं?"

"नाही काका."

म्हाताऱ्यांनी तो हात सोडला नाही. ते तसेच स्टुलावर बसले आणि मान खाली घातली.

मित्रांनो, डोंगरात जरूर जा. तो तुमचाही आहे. पण जाताना पायात काय घातलं आहे ते बघा, कुठे जाता ते घरी सांगा, पाठीवर गरम कपडा घ्या. आणि सोबतच्याला लाज वाटेल, राग येईल, हसू येईल, काय वाटायचं ते वाटू दे, पण "चला, परत फिरू" हे तुम्हीच आधी म्हणा. तुम्ही घरी विसरलेला कोट कोणीतरी आपल्या अंगातून काढून तुम्हाला देतो. त्याला परत द्यायला मग तुमच्याजवळ काहीच नसतं.